जंजिऱ्याला शिडानंच जावं

मुरूडचा जंजिरा बघायला राजपुरीहून शिडाच्या होडीनंच जावं, असं माझं ठाम मत आहे. मंडळातल्या काही मित्रांना ते पटत नाही. "इंजिनाची बोट असताना वाऱ्याच्या मर्जीवर कशाला राहायचं?" असं ते विचारतात. आपण गोवेकर, दिवाडीला फेरीबोटीनं जाणारे. प्रश्न साहजिकच आहे.

पण जंजिरा म्हणजे नुसते बुरूज नव्हेत. 'जझीरा' या अरबी शब्दाचा अर्थच बेट. किल्ला समजून घ्यायचा तर आधी त्याच्याभोवतीचं पाणी समजून घ्यायला हवं, आणि ते शिडाच्या होडीत कळतं. वारा अनुकूल नसेल तर होडी सरळ जात नाही. नाखवा वाऱ्याचा कल बघून ती तिरकी नेतो, मग शीड फिरवतो. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. पायऱ्यांपाशी होडी लाटेबरोबर वर-खाली होते. नेमका क्षण साधून पाय टाकावा लागतो. आता कल्पना करा, वरून तोफा डागल्या जातायत आणि अशाच होड्यांतून सैन्य उतरवायचंय! शिवाजी महाराजांना हा किल्ला का मिळाला नाही, १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालून वाट करायचा प्रयत्न का केला, जवळच कासा बेटावर पद्मदुर्ग का उभा राहिला, याची उत्तरं त्या पाण्यात आहेत. आणि पूर्व आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचं राज्य इथं १९४८ पर्यंत कसं टिकलं, याचंही बरंचसं उत्तर तिथंच सापडतं.

सुरक्षिततेचा मुद्दा मला मान्य आहे. लाइफ जॅकेट हवंच, होडीत माणसं मोजूनच घ्यावीत. वयस्कर किंवा अपंग माणसांसाठी चढ-उतार सोपी करणारी सोयही हवी. पण त्यासाठी शीड मोडीत काढायची गरज नाही. वारा ओळखायची नाखव्यांची विद्या पुस्तकात नाही, रोजच्या फेऱ्यांत आहे. फेऱ्या थांबल्या की पोट भरायला ते दुसरं काम धरतील, आणि पुढची पिढी ती शिकणारच नाही. किल्ल्याचे दगड आपण जपतो, मग ही विद्या का नको?

मंडळाची सहल ठरेल तेव्हा पावसाळा टाळा, वेळापत्रकात दोन तास जास्त ठेवा आणि शिडाची होडी घ्या. एवढंच सुचवायचं आहे.