बोल्ट बसला म्हणजे चाक बसलं असं नाही!

पोस्ट जरा लांब आहे, पण जुनी गाडी चालवणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

एका मित्राने त्याच्या जुन्या फियाट पालिओला सेकंडहँड अलॉय बसवले. नव्या सेटच्या निम्म्या पैशात, एकदम चकाचक. आठवड्याभरात ८० च्या वर गाडी थरथरायला लागली. दुकानदार म्हणाला, "बॅलन्सिंग करून घ्या साहेब." दोनदा केलं, पैसे गेले, थरथर तशीच. शेवटी नेहमीच्या मिस्त्रीने चाक उतरवून व्हर्नियर लावला तेव्हा कळलं की चाक ४×१०० चं आणि गाडीचा हब ४×९८ चा. म्हणजे चार बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, ज्याला पीसीडी म्हणतात, त्यात २ मिमीचा फरक. एक बोल्ट नीट बसलेला, बाकीचे तिरके ओढून आवळलेले!

माझा जुन्या चाकांना अजिबात विरोध नाही. पालिओसारख्या बंद पडलेल्या गाडीला दुसरं मिळणार तरी काय? विरोध आहे तो "बसतंय की, घेऊन जा" या धंद्याला. आणि स्वस्तात मिळतंय म्हणून एक प्रश्न न विचारणाऱ्या आपल्यालाही.

घेताना एवढं तरी बघा:

१) पीसीडी टेपने नाही, व्हर्नियरने मोजा. २ मिमी डोळ्याला दिसत नाहीत.

२) मधलं भोक. स्विफ्टचा हब ५४.१ मिमीचा, होंडा सिटीचा ५६.१, दोन्ही ४×१००. सिटीचं चाक स्विफ्टवर चढतं, पण मध्ये ढिलं राहतं. मापाची रिंग टाकावीच लागते.

३) नट-बोल्ट. सुझुकीचे आटे १२×१.२५, होंडाचे १२×१.५. होंडाच्या मूळ नटाचं टोक गोल असतं, बाजारातल्या बहुतेक अलॉयला निमुळतं लागतं. चुकीचा नट टेकतो, धरत नाही.

४) फियाटसारख्या बोल्टवाल्या गाडीत अलॉय जाड म्हणून लोखंडी डिस्कचे बोल्ट आखूड पडतात. हाताने फिरवताना निदान ९-१० पूर्ण वेढे गेले पाहिजेत. फार लांब बोल्टही नको, मागच्या ड्रममध्ये आत घासतो.

५) चाक मशीनवर फिरवून बेंड बघा. आतल्या बाजूने, रंगाखाली वेल्डिंग दिसलं तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

६) टायरसकट घेत असाल तर त्यावरचा चार आकडी नंबर वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. नक्षी छान दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं.

बसवताना हवेच्या गनने किंवा पान्याला पाइप लावून आवळू देऊ नका. टॉर्क रेंच मागा, आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. ५०-१०० किमी झाल्यावर पुन्हा एकदा तपासा.

आता मुद्द्याचं. खासगी गाडीचं पासिंग १५ वर्षांनी, मग दर ५ वर्षांनी. मधल्या काळात चाक कोणी बदललं, कसं बदललं, विचारणारं कोणी नाही. टायर मडगार्डच्या बाहेर आलं तर पोलीस पावती फाडेल, पण बोल्ट किती वेढे धरून आहे हे त्याला रस्त्यावर दिसणार कसं?

म्हणून सुरुवात दुकानापासूनच व्हायला हवी. जुनं चाक विकणाऱ्याने बिलावर पीसीडी, मधल्या भोकाचं माप आणि कोणत्या गाडीला बसवलं एवढं लिहून द्यावं. तीन ओळींचं काम आहे. जो लिहून देत नाही, त्याला आपण काय विकतोय ते माहीत नाही, किंवा चांगलंच माहीत आहे. दोन्ही वेळा तिथून निघा.

आणि हा फक्त गाडीवाल्याचा प्रश्न नाही. हायवेवर सुटलेलं चाक मालकाला शोधत जात नाही. ते शेजारून चाललेल्या दुचाकीवाल्यावर जातं. ज्याने ना अलॉय घेतले, ना दोन पैसे वाचवले.

पटलं तर शेअर करा. आणि पुढच्या वेळी दुकानात बिल मागाच.