नाव नव्हे, सामर्थ्य विचारा

जावास्क्रिप्टचे पहिले धडे गिरविताना विद्यार्थ्याला मोठा आनंद होतो. पानावरील एखादा घटक हुडकून त्याच्या ‘स्टाइल’ला नवा रंग वा नवी रुंदी द्यावी, की डोळ्यांदेखत पानाचे रूप पालटते. परंतु आपल्या पडद्यावर शोभणारे तेच पान शेजाऱ्याच्या ब्राउझरमध्ये विस्कटलेले दिसावे, असाही अनुभव येतो. अशा वेळी ब्राउझरचे नाव विचारून प्रत्येकासाठी निराळी आज्ञा लिहावी, असे पुष्कळांना सुचते. हा मार्ग चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मतास इतिहासाचा आधार आहे. 1995 साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट भाषा निर्माण केली. पुढल्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपल्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तिची स्वतःची आवृत्ती आणली आणि चढाओढ सुरू झाली. 1997 मध्ये पानावरील घटक गाठावयाचा, तर एकाकडे ‘डॉक्युमेंट.लेयर्स’ म्हणावे लागे आणि दुसऱ्याकडे ‘डॉक्युमेंट.ऑल’. डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने 1998 मध्ये घटक गाठण्याची आणि 2000 मध्ये शैली बदलण्याची सामाईक रीत घालून दिली. तरी भेद लगेच मिटले नाहीत. घटक अर्धपारदर्शक करण्यास इतरत्र ‘ओपॅसिटी’ला 0.5 ही किंमत पुरे. जुन्या एक्सप्लोररला मात्र ‘फिल्टर’मध्ये 50 हा आकडा द्यावा लागे. ‘फ्लोट’ हा शब्द भाषेने राखून ठेवलेला असल्यामुळे एकाने त्या गुणास ‘सीएसएस-फ्लोट’ म्हटले, तर दुसऱ्याने ‘स्टाइल-फ्लोट’.

या गोंधळात नाव विचारण्याची प्रथा रूढ झाली आणि तिचे फळ विपरीत आले. नेटस्केपचे नाव सांगणाऱ्यालाच उत्तम पान मिळते, हे पाहून एक्सप्लोररनेही आपल्या ओळखीच्या आरंभी ‘मोझिला’ हे नेटस्केपचे नाव लाविले. पुढे इतरांनी तोच कित्ता गिरविला. आज क्रोम, सफारी आणि एज हे तिघेही स्वतःची ओळख देताना प्रथम ‘मोझिला’ असेच म्हणतात. नावावरून योग्यता ठरविली, की सोंगे वाढतात, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

मग करावे काय? नाव न विचारता सामर्थ्य विचारावे. एखादा गुण ब्राउझरला समजतो की नाही, हे ‘सीएसएस.सपोर्ट्स’ या आज्ञेने थेट विचारता येते. जी किंमत ब्राउझरला कळत नाही, ती तो सोडून देतो आणि पूर्वीची कायम ठेवतो. म्हणून सर्वांना कळेल अशी साधी किंमत आधी द्यावी, नवी मागाहून. शिवाय रंगरूपाचे नियम शैलीपत्रकात लिहावेत आणि जावास्क्रिप्टने घटकाचा केवळ वर्ग बदलावा. म्हणजे दुरुस्ती एकाच ठिकाणी होते.

कोणी म्हणतील, 15 जून 2022 रोजी इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला; आता ही चिंता कशाला? भेद पुष्कळ कमी झाले, हे खरे. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला हे प्रतिस्पर्धी 2022 पासून ‘इंटरॉप’ या उपक्रमात ते मिटविण्यासाठी एकत्र काम करीत आहेत, ही गोष्ट अभिनंदनीय आहे. तथापि नवे गुण सर्व ब्राउझरांत एकाच दिवशी येत नाहीत, आणि प्रत्येक घरी नवा फोन नसतो. आजोबांच्या जुन्या फोनवर अर्जाचे पान उघडले आणि ‘पाठवा’ हे बटणच दिसले नाही, तर तो दोष आजोबांचा नव्हे. पान लिहिणाराचा होय.

पूर्वी कित्येक पानांवर ‘हे पान अमुक ब्राउझरमध्येच पाहावे’ अशी सूचना असे. ती सूचना म्हणजे दारावर लाविलेली आडकाठीच. आज तुम्ही शिकत आहात, उद्या तुमच्या हातची पाने हजारो लोक उघडतील. त्या दारी कोण आला हे न विचारता, आलेल्या प्रत्येकाला आत घेता येईल, असे लिहिण्याची सवय आजच लावून घ्या.