सात रंगांची रासबेरी आणि आपली परसबाग



'सात रंगांची रासबेरी, कुंडीतही येते!' ही जाहिरात तुम्हीही मोबाईलवर पाहिली असेल. मलाही मोह झाला. मागच्या वर्षी बियांचं पाकीट मागवलं आणि वर्गातल्या मुलांसोबतच पेरलं. मुलांनी कुंड्या भरल्या, पाळी लावून पाणी घातलं. दोन महिन्यांत उगवलं फक्त गवत. एका मुलीने विचारलं, "बाई, आमचं पाणी चुकलं का?"

हा प्रश्न मनाला लागला. कारण चूक माझी होती. पेरण्याआधी मी माहितीच घेतली नव्हती.

रासबेरी अनेक रंगांची असते, हे खरं. लाल नेहमीची. पिवळीत लाल रंगद्रव्य तयार होत नाही, एवढाच फरक. काळी ही वेगळी जात आणि जांभळी म्हणजे लाल-काळीचा संकर. फोटोतल्यासारखी चमकदार निळी मात्र नसते. तो रंग फोटोत भरलेला!

शिवाय बऱ्याच लाल जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालची थंडी साधारण ८०० तास किंवा त्याहून जास्त लागते. आपल्या निफाडला पारा कधी कधी ५ अंशांखाली जातो, पण तो काही पहाटेपुरता. पुढे एप्रिल-मे महिन्यात ऊन ४० अंशांपर्यंत! बीसुद्धा फुटायला आधी काही आठवडे थंड ओलाव्यात ठेवावं लागतं. आणि बियांपासून आलेलं रोप मूळ झाडासारखंच निघेल, याची खात्री नसते. म्हणून जाणकार मुळांपासून फुटलेले धुमारेच लावतात.

घरी हौस करायचीच असेल तर म्हैसूर रासबेरीचं रोप बघा. ही आपल्याच देशातली, उष्णता बऱ्यापैकी सोसणारी. फळ आधी लाल, पिकल्यावर काळं. काटे असतात, म्हणून वाटेपासून दूर लावा. उन्हाळ्यात दुपारी सावली द्या.

पण शाळेच्या परसबागेसाठी माझं मत स्पष्ट आहे. मुलांच्या हातून लावायचं ते इथे हमखास येणारं असावं. तुतीची काडी खोचली तरी फुटते. फळ हिरवं, लाल, मग काळं होतं. रंगबदलाचा पाठ डोळ्यांसमोर! पेठ-त्र्यंबककडून येणारी करवंदं आणा. फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हा खेळ आपल्या मुलांना ठाऊकच आहे. तिथूनच विचारा, एकाच फळात दोन रंग का?

मुलांची मेहनत हा प्रयोगाचा खर्च नाही, मित्रांनो. त्यांनी घातलेल्या पाण्याला कोंब दिसलाच पाहिजे.

त्या मुलीला मी वर्गासमोर सांगितलं, "पाणी बरोबर होतं, बाळा. बाईंनी बी चुकीचं आणलं." यंदा तिच्या कुंडीत तुतीला पाच पानं आली आहेत.

तुमच्या परसबागेत काय लावलंय? नक्की कळवा.