भडकल दरवाजा कोणाचा?

औरंगाबादचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. पण शहरात कमान दिसली की ‘मुघलांची’ म्हणण्याची खोड गेली नाही. भडकल दरवाजा १६१२ सालचा. मुघलांवरील विजयाची खूण म्हणून मलिक अंबरने तो उभारला. हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. मग आम्हाला मुघलांच्या खात्यात का टाकता?

पण आम्ही तरी काय केले? दिल्लीच्या बादशहांचे गोडवे गात बसलो. या टोकदार कमानींजवळून रोज गेलो, मान वर करून कधी पाहिले नाही. आमच्या मुलांना अंबर ठाऊक नाही. आधी तो त्यांना सांगू. मग ठणकावून विचारू, हा दरवाजा परका कसा?