लॅपटॉपचं मागचं दार: बॅकडोअर म्हणजे काय आणि तो काढायचा कसा?

जव्हार-मोखाड्यात आपलं बरंचसं काम मोबाईलवरच भागतं. पण शिष्यवृत्तीचा फॉर्म, भरतीचा अर्ज किंवा कॉलेजचा प्रोजेक्ट आला की कॉम्प्युटर लागतोच. मग मित्राचा जुना लॅपटॉप, झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह आणि कोणीतरी दिलेलं 'क्रॅक' सॉफ्टवेअर. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणून गावाकडून मला नेहमी विचारतात, "व्हायरस आलाय, अँटीव्हायरस टाकला की झालं ना?" बॅकडोअर असेल तर तेवढ्यानं होत नाही. का, ते महाराष्ट्रातल्याच एका गाजलेल्या खटल्यावरून बघू.

बॅकडोअर करतो काय?

पासवर्ड हे घराचं पुढचं दार. बॅकडोअर म्हणजे मागच्या दाराची कडी आतून काढून ठेवणारा प्रोग्राम. तो गुपचूप इंटरनेटवरून आपल्या मालकाशी बोलतो आणि त्याचे हुकूम पाळतो. तुम्ही टाइप केलेलं वाचणं, स्क्रीन बघणं, फायली चोरणं हे तर तो करतोच. पण तो तुमच्या कॉम्प्युटरवर नवीन फायली आणूनही ठेवू शकतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

भीमा कोरेगाव खटल्यातला लॅपटॉप

१७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांनी रोना विल्सन यांचा दिल्लीतला लॅपटॉप जप्त केला. त्यात सापडलेली पत्रं हा एल्गार परिषद-भीमा कोरेगाव खटल्यातला महत्त्वाचा पुरावा ठरला. पुढे बचाव पक्षानं त्या डिस्कची कॉपी 'आर्सेनल कन्सल्टिंग' या अमेरिकन फॉरेन्सिक कंपनीकडून तपासून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. जून २०१६ मध्ये ईमेलमधली एक फाइल उघडल्यावर 'नेटवायर' नावाचा बॅकडोअर लॅपटॉपमध्ये शिरला, तो सुमारे २२ महिने तिथे होता आणि त्याच वाटेनं ती पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली, असं कंपनीचं म्हणणं होतं. हे कोणी केलं, त्याचं नाव अहवालात नव्हतं. एनआयएनं हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं विल्सन यांना जामीन दिला, तो खटला रखडल्यामुळे. पुरावा खरा की खोटा, यावरचा तो निकाल नव्हता.

खरं-खोटं कोर्ट ठरवेल. आपल्यासाठी मुद्दा वेगळा आहे. नेटवायर हे काही दुर्मीळ हत्यार नव्हतं. ते इंटरनेटवर अनेक वर्षं उघडपणे विकलं जात होतं. मार्च २०२३ मध्ये एफबीआयनं त्याची वेबसाइट ताब्यात घेतली आणि क्रोएशियात एकाला अटक झाली. पण असे प्रोग्राम अजून ढिगानं आहेत, आणि ते आत शिरतात त्याच जुन्या वाटांनी: ईमेलची अटॅचमेंट, क्रॅक सॉफ्टवेअर, विंडोज फुकटात 'ॲक्टिवेट' करणारी टूल्स.

संशय आला तर हे करा, याच क्रमानं

१. आधी नेट तोडा. वाय-फाय, हॉटस्पॉट बंद. मालकाशी संपर्क तुटला की हुकूम येणं थांबतं.

२. पैसे गेले असतील किंवा धमकी आली असेल, तर फॉरमॅट मारू नका. त्यानं पुरावाच पुसला जातो. वरच्या खटल्यातही डिस्कची कॉपी शिल्लक होती म्हणूनच तपासणी झाली. १९३० वर लगेच फोन करा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा.

३. पासवर्ड मोबाईलवरून बदला, त्या लॅपटॉपवरून नाही. नाहीतर नवा पासवर्डही त्यांनाच कळेल. गूगल खात्यातून अनोळखी डिव्हाइस काढा आणि व्हॉट्सॲपच्या लिंक केलेल्या डिव्हाइसमधून लॉगआउट करा.

४. विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. हा विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी तपासतो, त्यामुळे लपून बसलेला प्रोग्राम सापडायची शक्यता वाढते. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही मोफत टूल्स मिळतात.

५. स्कॅनमध्ये बॅकडोअर सापडला आणि निघाला, तरी तेवढ्यावर थांबू नका. मागचं दार महिनोन्महिने उघडं असेल, तर त्यातून आणखी काय आत आलंय हे स्कॅन खात्रीनं सांगू शकत नाही. म्हणून फोटो आणि कागदपत्रं बाजूला काढा, 'ईएक्सई' फायली किंवा क्रॅक घेऊ नका. दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा, डिस्क पूर्ण पुसा आणि विंडोज नव्यानं टाका.

सेकंडहँड लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा वेळी क्रॅक शोधण्यापेक्षा उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाका. दोन्ही मोफत आहेत, अपडेट मिळत राहतात आणि ब्राउझरमधून फॉर्म भरायला पुरेसे आहेत.

आणि झेरॉक्सच्या दुकानातून उठण्याआधी लॉगआउट करा, डाउनलोड झालेलं आधार कार्ड डिलीट करा. तो कॉम्प्युटर दिवसभरात किती जण वापरतात, ते आपण बघतोच.