नाच पाहिजे, प्लॉट नको?

शहरातले पाहुणे येतात, तारपा नाचायला लावतात, फोटो काढतात. म्हणतात, तुमची संस्कृती जपा. एकसाली प्लॉटचं काय झालं, हे कोणी विचारत नाही.

व्हेरिअर एल्विन या गोऱ्या माणसाने ते विचारलं. 1932 साली तो आणि त्याचा मराठी मित्र शामराव हिवाळे मंडला जिल्ह्यात, मैकल डोंगरातल्या करंजियाला राहायला गेले. तिथले बैगा नांगर धरत नसत. धरतीमायची छाती कशी फाडायची, म्हणायचे. झाडोरा तोडून जाळायचा नि राखेत बी टाकायचं, ही त्यांची बेवर. इंग्रजांच्या जंगलखात्याने ती बंद करत करत बैगाचकपुरती ठेवली. एल्विनने 1939 च्या पुस्तकात लिहिलं, बेवर गेली तिथे बैगांचा जीवच खचला. गाणी, देव, सगळं त्या राखेतलंच होतं ना!

पण त्याच पुस्तकात तो म्हणतो, बैगांसाठी मुलूख राखून ठेवा, बाहेरच्यांना आवरा. हे आपल्याला पटत नाही. फाटकाची किल्ली कोणाकडं? साहेबाकडंच.

यंदा तारपा बघायला कोणी आलं, तर आधी प्लॉटवर न्या. दंडाच्या पावत्या दाखवा. मग नाचू.