लंबक मागे, अणू पुढे

सौसरच्या एका वाचकांनी आम्हांस विचारले आहे : गुरुत्वाकर्षणाने घड्याळ पुढे-मागे होते, एवढ्यावरून प्रत्यक्ष काळच बदलतो असे कसे म्हणावे? तापमापक बिघडला म्हणून काही रोग्याचा ताप उतरत नाही!

शंका रास्त आहे. 1672 साली फ्रेंच ज्योतिर्विद झां रिशे पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला, तेव्हा त्याचे लंबकाचे घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. काळ मंदावला नव्हता. तेथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी, म्हणून लंबकाचा झोका रेंगाळला. दोष यंत्राचा. सौसरहून सिल्लेवानी घाट चढून आजोबांच्या वेळचे लंबकाचे घड्याळ छिंदवाड्यास नेले, तर तेही शंभर मीटर चढणीमागे दिवसाला सुमारे एक सेकंद मागे राहील.

आता त्याच घाटाने अणुघड्याळ न्यावे. ते मागे न पडता पुढे जाईल. शंभर मीटरला दिवसाकाठी सुमारे एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. हाही यंत्रदोषच कशावरून नव्हे? खरी मेख येथेच आहे. हार्वर्डमध्ये 1960 साली पौंड व रेबका यांनी लोखंडाच्या अणुकेंद्रांवर प्रयोग केला. 1976 मध्ये हायड्रोजनचे घड्याळ अग्निबाणातून सुमारे दहा हजार किलोमीटर उंच गेले. 2020 मध्ये टोकियोच्या मनोऱ्यावर स्ट्रॉन्शियमचे घड्याळ तपासले गेले. द्रव्ये निराळी, रचना निराळी, फरक मात्र प्रत्येक वेळी आइनस्टाइनच्या सूत्राबरहुकूम. निरनिराळ्या कारागिरांची घड्याळे एकाच मापाने चुकू लागली, तर दोष कारागिरांवर कसा ढकलावा? लंबकाची गोष्ट तशी नव्हती. रिशेजवळ स्प्रिंगचे अचूक घड्याळ असते, तर ते लंबकाबरोबर अडीच मिनिटे मागे पडले नसते.

हा फरक केवळ पंडितांच्या कामाचा नाही. जीपीएसच्या उपग्रहांवरील घड्याळे गुरुत्वामुळे रोज सुमारे 45 मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे 7 मागे येतात. उरलेल्या 38 ची दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते. आपल्या 'नाविक' मालिकेतील 29 मे 2023 रोजी सोडलेल्या उपग्रहात भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ आहे. त्यालाही यातून सूट नाही. पांढुर्ण्याची संत्री घेऊन निघालेल्या ट्रकचालकाला फोनवरचा नकाशा वाट दाखवतो, तो या हिशेबाच्या बळावर.

घाटमाथ्यावरच्या माणसाला स्वतःला काहीच जाणवणार नाही. त्याची नाडी, त्याचे वार्धक्य, त्याचे घड्याळ, सारे एकाच चालीने चालणार. फरक कळेल तो खाली उतरून सौसरच्या घड्याळाशेजारी आपले घड्याळ ठेवल्यावर.